तुम्ही विचारलंत म्हणून: डिसॉल्टर आणि कॅरमची डबी

"काका, तुमच्या नावावर म्हणे दोन पेटंटं आहेत. एक रिफायनरीचं आणि एक कॅरमचं. हे जमलं कसं?"

लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगनंतर विचारतात, परवा सलूनमध्ये गालाला साबण लावलेला असताना विचारलं. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेलाच: "मग पैसे किती सुटले?" तो आधी उरकतो. रिफायनरीच्या पेटंटवर शोधक म्हणून आम्हा पाच जणांची नावं आहेत, पण मालकी कंपनीची. नोकरीच्या करारातच तसं होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एक स्मृतिचिन्ह मिळालं, त्यावर सध्या नातवाची टोपी असते. कॅरमच्या पेटंटमध्ये मात्र घरचे गेले.

आता 'कसं जमलं'. लोकांना वाटतं, माझ्या डोक्यात दोन वेगळे कप्पे आहेत. कप्पा एकच आहे आणि त्यात पाणी भरलंय.

मी ३४ वर्षं माहुलला एका रिफायनरीत होतो, बराचसा काळ क्रूड युनिटवर. जमिनीतून येणाऱ्या कच्च्या तेलात थोडं पाणी असतं आणि त्या पाण्यात मीठ. हे मीठ तसंच भट्टीत गेलं, तर त्यातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते वाफेबरोबर कॉलमच्या, म्हणजे तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्याच्या, डोक्यावर चढतं आणि जिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं, तिथले पाईप खातं. म्हणून तेल आधी धुवावं लागतं, आपण तांदूळ धुतो तसं. गरम तेलात मुद्दाम स्वच्छ पाणी मिसळायचं, मीठ त्यात उतरू द्यायचं आणि मग ते पाणी पुन्हा वेगळं काढायचं. हे काम डिसॉल्टर नावाच्या आडव्या टाकीत होतं. आत हजारो व्होल्टचं विद्युत क्षेत्र असतं. त्यात पाण्याचे बारीक थेंब एकमेकांना भेटतात, मोठे होतात, जड होतात आणि तळाला बसतात.

म्हणजे बसायला हवेत. प्रत्यक्षात तेल आणि पाण्याच्या मध्ये तिसराच थर तयार होतो. आम्ही त्याला 'रॅग' म्हणायचो. टाकीला वेगवेगळ्या उंचीवर नमुन्याच्या तोट्या असतात. रात्रपाळीला त्या एकेक उघडून बाटल्या भरायच्या. वरच्या तोटीतून काळं तेल, खालच्यातून गढूळ पाणी आणि मधल्या तोटीतून कोकोसारखा चॉकलेटी, दाट, धड तेल नाही धड पाणी नाही असा प्रकार. बाटली टेबलावर ठेवून चहा पिऊन यावं, तरी तो फाटायचा नाही. तो थर जाड होत विजेच्या जाळीपर्यंत चढला की करंट वाढायचा, ट्रान्सफॉर्मर दमायचा आणि फोन वाजायचे. पावसाळ्यात हे हमखास. क्रूडच्या टाक्यांना तरंगती छपरं असतात, त्यांच्या कडेच्या सीलमधून पावसाचं पाणी आत झिरपतं. जुलैच्या एखाद्या रात्री टाकी बदलली की पाण्याचा लोंढाच डिसॉल्टरवर यायचा. आमचं पेटंट होतं ते एवढ्यासाठीच: हा मधला थर बाहेर काढायची तोटी कुठे असावी आणि कधी उघडावी. ऐकायला किरकोळ वाटतं. आम्हाला चार पावसाळे लागले.

आणि याच पावसाळ्यांत मी घरी कॅरम हरत होतो.

आमची चाळ परळची. गॅलरीच्या टोकाला बोर्ड, वर पत्र्याच्या शेडमध्ये १०० वॅटचा दिवा, इतका खाली टांगलेला की उंच माणसाचं कपाळ भाजायचं. उन्हाळ्यात तोच बोर्ड काचेसारखा. जून लागला की पावडर थापली जायची आणि १५ ग्रॅमचा स्ट्रायकर अर्ध्या वाटेत दमायचा. सगळे आपापल्या बोटांना दोष द्यायचे. एका रात्री पाळीवरून आलो, झोप येईना, म्हणून एकटाच खेळत बसलो. दिव्याखालचा मधला भाग सुळसुळीत होता आणि चारही कोपऱ्यांत सोंगटी रांगत होती. बोट दोन्हीकडे तेच, पावडर तीच. फरक फक्त उबेचा. मी मध्ये बसून युनिटवरचाच विचार करत होतो: इथेही पाणीच नडतंय की!

कोरडं करणं आमच्या धंद्यात रोजचं. काही युनिटांमध्ये कॅटॅलिस्टला, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाला, पाण्याचा अंशही चालत नाही. तिथे शोषक दाण्यांनी भरलेले दोन ड्रायर असतात. एक कामावर, तोवर दुसऱ्यातून गरम वायू सोडून त्याचे दाणे वाळवायचे, मग अदलाबदल. व्हॉल्व्ह असे बांधलेले की दोन्ही वाटा एकदम कधीच उघडू नयेत. मी हीच गोष्ट पावडरच्या डबीत घातली. वर बोरिक पावडर, खाली सिलिका जेलच्या दाण्यांचा कप. झाकण फिरवलं की पावडरची जाळी उघडते आणि त्याच हालचालीत दाण्यांची खिडकी बंद होते, म्हणजे मुंबईची हवा दाण्यांपर्यंत पोचत नाही. कप दोन. एक डबीत, दुसरा वाळायला. दाणे ओले झाले की निळ्याचे गुलाबी होतात, मग ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करायचे. त्यासाठी जुना तवा वेगळा काढला, कारण एका संध्याकाळी भाकरीच्या तव्यावर गुलाबी दाणे बघून ही जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं सांगू का, दुसरं काम जास्त अवघड होतं. रिफायनरीत बदल केला की पाईप कमी झिजतोय की नाही हे कळायला महिने जातात, तोवर मीटिंगमध्ये आलेख दाखवून वेळ मारून नेता येते. चाळीतल्या पोरांना आलेख दाखवता येत नाही. पहिली डबी त्यांनी तीन स्ट्रोकांत बाद केली: "काका, दाणे खडखडतात, नेम चुकतो." बरोबर होतं. दाण्यांखाली फोम घातला.

२०१५ मध्ये स्वतःच्या नावाने अर्ज केला. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीची ४,००० आणि एजंटचे वेगळे. अर्जात मी हौसेने तिघांनी खेळायच्या एका नव्या डावाचे नियमही लिहिले होते. एजंटने लाल पेनाने ते पानच उडवलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ (एम) आहे: खेळ खेळण्याची पद्धत हा शोध धरला जात नाही. वस्तू चालते, डाव चालत नाही. मग परीक्षकांचा अहवाल आला की औषधाच्या बाटलीत सिलिका जेल असतंच, यात नवीन काय? मुद्दा रास्त होता. आमचे दावे कापत कापत शेवटी फक्त त्या झाकणापुरते उरले. २०२० मध्ये पेटंट मिळालं.

या सगळ्यात मला जॉन वेस्ली हायट नावाच्या अमेरिकन माणसाचा फार आधार वाटला. मूळचा छापखान्यातला. १८६१ मध्ये पहिलं पेटंट सुऱ्यांना धार लावायच्या साधनाचं. पुढे बिलियर्ड्सच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, त्यामागे लागून तो १८७० मध्ये सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिकच्या पेटंटपर्यंत पोचला. त्यात नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, दोन्ही पेटणारे. त्याने स्वतःच सांगितलेला किस्सा आहे: कोलोरॅडोच्या एका गुत्तेवाल्याने कळवलं की चेंडू आपटून फट्कन आवाज झाला की दुकानातला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो. याच माणसाने पुढे पाणी गाळायची यंत्रं केली, ऊस पिळायचा चरक केला, रोलर बेअरिंग केलं. चेंडू आणि चरक एकाच माणसाचे! त्याला लग्नात कोणी गाठून विचारत असेल का, कोण जाणे.

माझ्या पेटंटचं पुढे काय झालं, तेही सांगतो. ते जिवंत ठेवायला दरवर्षी फी असते. सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० होती, सातव्यापासून २,४००. हिने विचारलं, "चोवीसशेत पावडरचे डबे किती येतात?" मी हिशोब केला आणि फी भरली नाही. पेटंट संपलं, म्हणजे आता ती डबी कोणीही बनवू शकतो.

मागच्या जुलैत आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा थ्रीडी प्रिंटरवर तेच झाकण काढून घेऊन आला आणि चोरी सापडल्यासारखा दारात उभा राहिला. "काका, चालेल ना?"

म्हटलं, बनव की. खिडकी एक मिलिमीटरने मोठी ठेव, माझी लहान पडायची. आणि दाणे वाळवायला आईचा तवा घेऊ नकोस.