बालिंग्याच्या पुलापलीकडं

आम्ही पुलापलीकडं राहायला चाललोय म्हटल्यावर पेठेतल्या लोकांनी जी तोंडं केली ती बघून कुणालाही वाटलं असतं की आम्ही दुबईला चाललोय. अंतर किती, तर रंकाळ्यापासनं दहा-बारा किलोमीटर. पुण्या-मुंबईची लोकं हे ऐकून हसतात, पण कोल्हापुरात हिशेबच वेगळा आहे, शिवाजी पेठेतल्या माणसाला कसबा बावडा म्हणजे परगाव आणि उजळाईवाडी म्हणजे जवळजवळ कर्नाटक, त्यात आमचं गाव गगनबावडा रोडला, फुलेवाडी गेली, बालिंगा गेलं, भोगावती ओलांडली की त्याच्या पुढं. आई म्हणाली, "अगं नदीपलीकडं? आणि पावसाळ्यात गं?" (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाव एवढंसं आहे की नाव लिहिलं तर संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवतील.)

कारण सरळ आहे, पैसे. पेठेत दोन खोल्यांचं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढायचं, फ्लॅट बघायला गेलो की बिल्डर पार्किंगचे वेगळे, लिफ्टचे वेगळे असं सांगत सांगत आकडा कुठल्या कुठं न्यायचा, आणि तेवढ्यात इथं जमिनीवरचं घर, पुढं मोगरा लावायला जागा, वर गच्ची. प्लॉट एनए (बिगरशेती) होता म्हणून बँकेनं कर्ज पण दिलं, नाहीतर गुंठेवारीच्या भानगडीत पडलेली ओळखीची किती माणसं आहेत काय सांगू. शहराला तरी वाढायला जागा कुठाय, १९७२ ला महापालिका झाली आणि त्यानंतर कितीतरी दशकं हद्द होती तिथंच राहिली. गावं म्हणतात शहरात आलो की घरफाळा वाढणार, जमिनीवर आरक्षणं पडणार, आणि शहर म्हणतंय आमची बस, आमचे दवाखाने, आमचे रस्ते वापरता मग हद्दीत या की. मधला मार्ग म्हणून २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण केलं, तरी भांडण आहे तिथंच आहे. मी पेठेत होते तेव्हा हद्दवाढ झालीच पाहिजे म्हणायचे, आता घरफाळ्याची पावती हातात आल्यापासनं गाववाल्यांचं पण पटतंय, फक्त ऑफिसात तसं बोलत नाही, तिथं सगळे शहरातले.

तर प्रवास. मोबाईलवर मॅप उघडला की दसरा चौकातलं माझ्या सीए साहेबांचं ऑफिस पंचवीस-तीस मिनिटं दाखवतो. ते खोटं नाही, पण ते एप्रिल-मे पुरतं. हा रस्ता किती लांब आहे ते किलोमीटरवर नाही, महिन्यावर आहे, आणि हे घर घेताना कुणी सांगत नाही, सातबाऱ्यावर पण लिहिलेलं नसतं.

उन्हाळ्यात खरंच मजा असते. कॉलेजं बंद, शाळा बंद, साखर कारखाना बंद, सकाळी नऊला निघायचं, दोन्ही बाजूला उसाची लागण गुडघ्याएवढी, वारं लागतंय, फुलेवाडीपर्यंत तर ब्रेक पण लावायला लागत नाही. मग जून लागला की एसटी. स्कूटी पावसात नको असा घरात नियम आहे (नियम सासूबाईंचा, पाळायचा आम्ही). आमच्या फाट्यावर येईपर्यंत गाडी मागच्या गावांनीच भरलेली असते, पार कळे गावापासनं बसलेली माणसं खिडकीला डोकं लावून झोपलेली, आपल्याला दांडी. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीच फुकट झालेलं, शाळेच्या पोरींचे पास तर फुकटच, त्यामुळं सकाळच्या गाडीत पूर्ण तिकीटवाला माणूस शोधायला लागतो. पालेभाजीची गाठोडी घेऊन कपिलतीर्थ मार्केटला जाणाऱ्या मावशी, ब्लड टेस्टचा कागद पिशवीत घातलेले आजोबा, पाठीवर सॅक लावलेल्या पोरी. पोरी चढताना आधी खिडकीतनं सॅक आत टाकतात, सॅक पडली की ती सीट त्यांची, हे सगळ्यांना मान्य आहे. एकदा एक नवीन काका सॅक उचलून बसायला गेले तर पोरगी खालनंच ओरडली, "ओ काका, मी बसणार हाय तितं, मी चढतो की आता!" काका उठले.

आणि गंमत म्हणजे वेळ मोडतो तो गावच्या रस्त्यावर नाहीच. गावापासनं फुलेवाडी नाक्यापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढाच पुढं रंकाळ्यापासनं दसरा चौकापर्यंत, शनिवार-रविवारी आणि नवरात्रात तर त्याच्या दुप्पट, अंबाबाईला आलेल्या गाड्या पार्किंग शोधत बिंदू चौकाभोवती फिरत असतात. म्हणजे मी पेठेत राहून पण त्यातनं सुटले नसतेच. नवऱ्याचं अजून वेगळं, त्याची कंपनी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, म्हणजे शहराच्या बरोबर उलट्या टोकाला, तो रिंग रोडनं कळंब्याकडनं जातो आणि शहराचं तोंड बघत नाही. एका घरातनं दोघं निघतो, मी शहरात घुसते आणि तो शहराला वळसा घालतो.

परतीचं काम गंगावेशीतनं. ऑफिस वेळेत सुटलं तर एसटी, नाहीतर वडाप, म्हणजे सीटा भरल्या की सुटणारी खाजगी गाडी. वडापचा टाइम टेबल म्हणजे सीटा. "चला दोनच सीट, दोनच सीट" असं तो आपण बसल्यावर पण अर्धा तास म्हणत असतो आणि ते दोघं आल्यावर अजून दोघं येतात, ते कुठं बसतात हे मला अजून कळलेलं नाही. त्या अर्ध्या तासात समोरचा दूध कट्टा बघत बसायचं. म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात, समोर धार काढतात, तालमीतली पोरं आणि पोटं सुटलेले काका शेजारी शेजारी उभे राहून पेला तोंडाला लावतात. आता सांगायची गोष्ट अशी की माझ्या घराच्या तिन्ही बाजूला गोठे आहेत, पहाटे साडेपाचला म्हशींच्या ओरडण्यानं जाग येते, आणि मी दूध आणते पिशवीचं, गावातल्या किराणा दुकानातनं. कारण गावातलं दूध सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत जातं, तिथं फॅट लागते, दहा दिवसांनी बिल निघतं, त्यावर लोकांचे हप्ते आहेत, घरटी अर्धा लिटर मागायला गेलं की "वहिनी, डेअरीला कमी पडतंय वो" असं अगदी लाजून सांगतात. पहिले काही महिने मला ह्याचा राग यायचा. नंतर शेजारच्या काकूंनी पेंडीचं पोतं केवढ्याला पडतं ते सांगितलं आणि मी गप्प बसले.

दिवाळीच्या आगंमागं उसाचा दर ठरला, आंदोलनं झाली, ऊसतोडी सुरू झाल्या की रस्ता परत बदलतो. आता रस्ता ट्रॅक्टरचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूला ऊस, वर डेकवर गाणी अशी की मागनं हॉर्न वाजवून उपयोग नाही. दिवसा ठीक आहे, पोरं मागनं ऊस ओढतात, मी पण एकदा सिग्नलला हात घातलाय, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी सातनंतर स्कूटीवर त्यांच्या मागं असणं म्हणजे खरोखर भीतीचं काम आहे. कितीतरी ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नसतो, समोरनं येणाऱ्याचा लाईट डोळ्यावर आला की पुढं ट्रॉली आहे का अंधार आहे तेच कळत नाही, चढाला ट्रॉली थांबली तर मागं दगड लावायला माणूस उतरतो आणि नंतर तो दगड तिथंच रस्त्यात राहतो. सीझनमध्ये मी एक नियम केलाय, अंधार पडायच्या आत बालिंगा गाठायचं, नाही जमलं तर गाडी आईकडं लावून वडाप. मार्चपर्यंत हे असंच चालतं. साहेबांना सांगितलं की ऊस सुरू झालाय, मी साडेपाचला निघणार, तर साहेब म्हणाले "उसाचा आणि जीएसटीचा काय संबंध?" साहेब शहरातच, ताराबाई पार्कात राहतात.

आता पावसाळा, आईच्या प्रश्नाचं उत्तर. जुलै लागला की गावातल्या सगळ्या मोबाईलवर एकच आकडा फिरायला लागतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पेठेत असताना मी पण हा आकडा बघायचे पण क्रिकेटचा स्कोअर बघितल्यासारखा, चहा पिता पिता. इथं तो आकडा म्हणजे उद्या ऑफिसला जायचं का नाही. बंधारा तिकडं कसबा बावड्याला पंचगंगेवर, आमचा पूल भोगावतीवर, पण गावातली म्हातारी माणसं तो आकडा आणि राधानगरी दोन्ही जोडून सांगतात. राधानगरी धरण आमच्याच नदीवर, शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं, त्याला सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, तिथं कुणाची सही लागत नाही, आणि एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी खाली. त्यामुळं गावात सकाळी भेटल्यावर पहिला प्रश्न "किती उघडली?" आणि उत्तर "तीन आन् सहा." (हे दरवाज्यांचे नंबर.) एवढ्यावर कट्ट्यावरचे आप्पा सांगतात, दुपारपर्यंत जाऊन या किंवा आज जाऊ नका. हवामान खात्यापेक्षा माझा आप्पांवर जास्त विश्वास आहे.

पाणी चढलं की बालिंग्याच्या पुलावर बॅरिकेड लागतं आणि त्या क्षणी प्रश्न एकच उरतो, तुम्ही कुठल्या बाजूला आहात. आम्ही इथं आल्यावर पहिल्याच जुलैत मी ऑफिसच्या बाजूला होते आणि नवरा घरच्या बाजूला. मी सीएच्या ऑफिसात आहे, इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख साधारण ३१ जुलै, आणि पंचगंगेला पण नेमका जुलैचाच शेवट आवडतो. म्हणून आता जुलैपासनं माझ्या टेबलाखाली एक बॅग असते, चार ड्रेस, चार्जर, गोळ्या. पूल बंद झाला की मी आईकडं. आई वरनं काळजी दाखवते पण दुसऱ्याच दिवशी थालीपीठ काय, धपाटे काय, तिला मनातनं पूर अजून दोन दिवस राहावा असंच वाटत असतं. आणि शहरात काय स्थिती, तर नदीकाठचं उपसा केंद्र पाण्यात गेलेलं, त्यामुळं नळ बंद, पेठेत टँकरला घागरींची रांग. २०१९ ला आणि २०२१ ला तर हायवेच शिरोलीजवळ पाण्याखाली होता, अख्खं शहरच पलीकडं होतं म्हणायचं, तेव्हा पेठेतली कोण कुणाला दुबईवाले म्हणणार.

तिकडं घरी मात्र वेगळंच चाललेलं. पूल बंद म्हणजे दुधाचा टँकर बंद, म्हणजे संस्थेत संकलन बंद, पण म्हैस काय धार द्यायची थांबत नाही. मग सगळ्या गावात दूधच दूध. ज्यांच्याकडं मी अर्धा लिटर मागायला जायचे त्यांच्याकडनं चरवीभर दूध घरात, पैसे विचारले तर राग. कुणी खवा आटवतंय, कुणी बासुंदी करतंय, सासूबाईंनी तूप कढवलं. नवरा मला व्हिडिओ कॉलवर साय दाखवत होता, सायीचा थर बघा म्हणून, आणि मी आईकडं बिनदुधाचा चहा पीत होते कारण पेठेत पिशव्या आल्याच नव्हत्या. गावातली लोकं त्या दिवसांत हसत होती असं नाही, दहा दिवसांच्या बिलातनं तेवढे दिवस कापले जातात, वैरण पाण्याखाली गेली की पुढं दोन महिने विकत घ्यावी लागते. पण दूध ओतून कुणी देत नव्हतं, वाटत होते.

सध्या माझा मावसभाऊ आमच्याच बाजूला प्लॉट बघतोय. एजंटनं त्याला मे महिन्यातल्या रविवारी सकाळी आणला, रस्ता रिकामा, "बघा, रंकाळ्यापासनं वीस मिनिटं!" मी एजंटला विचारलं, पूल बंद असतो ते सांगितलं का ह्यांना? तर म्हणतो, "असतोय की ताई, चार दिवस, तेवढं सोडा वो, मुंबैला लोकल बंद पडत न्हाई काय?" वहिनीचं म्हणणं आहे पाचगावला घेऊया, तिथं पूर नाही. पाचगावला पूर नाही हे खरं, पण तिथं वर्षानुवर्षं उलटीच बोंब, पाण्याच्या टँकरची. दोघांचं त्यावरनं आमच्याच अंगणात भांडण झालं. मी म्हटलं, एक काम करा, जानेवारीत परत या, संध्याकाळी सातला, स्कूटीवरनं, आणि जुलैत एकदा आप्पांना फोन करून या, मग काय ते ठरवा. त्यावर एजंट म्हणाला, जानेवारीपर्यंत रेट वाढतील.