'फिट' लिहिलंय, पण कशासाठी?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यात कामगार ऑपरेशननंतर परतला, की एचआर एकच कागद मागतं: फिटनेस सर्टिफिकेट. डॉक्टर 'फिट' नाहीतर 'हलके काम द्यावे' एवढंच लिहून सही करतात. 'फिट' असेल तर माणूस पुन्हा त्याच प्रेसवर उभा. 'हलके काम' असेल तर सुपरवायझर विचारतो, "आपल्याकडे हलकं काम आहेच कुठं?" आणि घरी बसवतो.

म्हणून तपासणीला जाताना कामाचा तपशील लिहून न्या: किती तास उभं राहायचं, किती वजन उचलायचं, रात्रपाळी, जिने. डॉक्टरांकडून मर्यादा आकड्यांत घ्या. उदाहरणार्थ, 'सलग 30 मिनिटांपेक्षा जास्त उभे राहू नये, 5 किलोपेक्षा जास्त उचलू नये, 3 महिन्यांनी फेरतपासणी.' यातून उंच स्टूल, ट्रॉली, पाळीबदल असं नेमकं काहीतरी मागता येतं. नुसत्या 'हलक्या'तून काहीच मागता येत नाही.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असलं तरी हा कागद लागतोच. कार्डावर अपंगत्वाचे टक्के असतात, काय जमत नाही ते नसतं. आणि '40 टक्के नाहीत, मग सोय नाही' हे ऐकून परत फिरू नका. 40 ची अट मुख्यतः आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. विकास कुमार प्रकरणात (2021) प्रश्न परीक्षेतल्या लेखनिकाचा होता, पण वाजवी सोय (म्हणजे गरजेप्रमाणे केलेले योग्य बदल) 40 टक्क्यांवाल्यांपुरती नाही हे सर्वोच्च न्यायालयाने तिथं स्पष्ट केलं.

कंपनी स्वतःच्या डॉक्टरकडे पाठवत असेल तर पत्र मागा: तपासणी कशासाठी, प्रश्न कोणते, खर्च कोणाचा. अहवालात कामाची क्षमता पुरे; सगळ्या जुन्या फाइली देऊन टाकायची घाई नको. अहवालाच्या प्रतीसाठी लेखी अर्ज करा. वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून 72 तासांत द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचाच नियम आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आणि खासगी नोकरीत एक मोठा फरक आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापना काढू शकत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, ते नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पद द्यावं लागतं. खासगीत हे कलम लागू नाही. मात्र 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान संधी धोरण आणि संपर्क अधिकारी हवाच. अर्ज त्याच्याच नावे करा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलण्यावर राहिलात तर पुढे राज्य दिव्यांग आयुक्तांसमोर दाखवायला हातात काहीच उरत नाही.