जाळ सोडणारं एंटरप्राइझ

परवा दुपारी लोकलमध्ये समोरच्या बाकावर दोन कॉलेजची पोरं भांडत होती. विषय स्टार ट्रेक, ती अवकाशयानावरची जुनी अमेरिकन मालिका. एक म्हणे यानाच्या कॅप्टन कर्कचं पुढे अमुक अमुक झालं, दुसरा म्हणे हट, ते कॉमिकमध्ये झालंय, ते धरत नाहीत. धरत नाहीत म्हणजे? कोण धरत नाही? मला अगदी तोंडावर आलं होतं, पण आता आपण काका कॅटेगरीत, आपण तोंड उघडलं की पोरं कानात हेडफोन घालणार, म्हणून खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात भांडलो.

कारण आमच्याकडे सगळं उलट्या क्रमाने आलं. कॉमिक आधी, मालिका नंतर.

मे महिन्यात दादरला आत्याकडे जायचो. चाळीच्या खाली एक रद्दीवाला होता, तो पेपर किलोवर घ्यायचा पण कॉमिक वेगळी काढून भाड्याने द्यायचा, दिवसाला चार आणे, आणि पान फाटलं तर ओरडा वेगळा. इंद्रजालचे ढीगच असायचे, वेताळ, मॅन्ड्रेक वगैरे, आणि त्या ढिगात मधेच कुठून तरी आलेले, बहुतेक कुणा बोटीवरच्या माणसाने विकलेले, अमेरिकन अंक सापडायचे. गोल्ड की कंपनीचे. किंमत सेंटमध्ये छापलेली. वर फोटो कर्कच्या जोडीदाराचा, टोकदार कानांच्या स्पॉकचा, आत उघडलं की चित्रातला स्पॉक त्याचा लांबचा मावसभाऊ वाटावा असा. पण आम्ही बघायचो ते यान, एंटरप्राइझ. मागे दोन लांबच्या लांब नळकांडी आणि दोन्हींतून धडधडून निघालेला जाळ! नारिंगी, मधे पिवळा, आणि तो रंग रेषेच्या बाहेर सांडलेला कारण छपाईच तशी, डोळे जवळ नेले की रंगाऐवजी नुसते ठिपके दिसायचे. त्या ठिपक्यांकडे मी किती वेळ बघत बसायचो त्याला हिशोब नाही. इंग्रजी वाचता येत नव्हतं ते बरंच होतं, गोष्ट आम्हीच लावायचो.

मग रविवारी सकाळी दूरदर्शनवर खरा स्टार ट्रेक लागायला लागला. तळमजल्यावरच्या काकूंकडे टीव्ही, तिथे आम्ही सगळे जमिनीवर, दारात चपलांचा खच. यान आलं. शांतपणे आलं, सुंईकन गेलं. जाळ नाही. मी म्हटलं टीव्ही बिघडलाय. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आठवीत होता त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, गाढवा, अवकाशात हवाच नाही तर जाळ कुठून निघेल? मी विचारलं, मग अग्निबाण कसा जातो? त्यावर त्याने टपली मारली. पुढे दादा इंजिनिअर झाला, न्यू जर्सीला गेला, पण टपलीपलीकडचं उत्तर अजून यायचंय.

जाळ कुठून आला ते पुष्कळ वर्षांनी कळलं. मालिका अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झाली, कॉमिक १९६७ मध्ये, आणि चित्रं काढायला माणूस धरला तो थेट इटलीत. पहिले दोन अंक नेव्हिओ झाकाराने काढले, मग बरीच वर्षं अल्बेर्तो जोलित्ती. मालिका तेव्हा तिकडे दिसतच नव्हती, त्यामुळे हातात होते ते पब्लिसिटीचे फोटो. आता तुम्हीच सांगा, यानाचा स्थिर फोटो समोर आहे, मागे नळकांडी आहेत, साल १९६७, सगळं जग अग्निबाणांकडे डोळे लावून बसलंय, माणूस जाळ नाही काढणार तर काय काढणार? मी त्याच्या जागी असतो तर धूरही काढला असता.

पहिल्याच अंकात तर कहर आहे. माणसं खाणाऱ्या झाडांचा ग्रह सापडतो आणि शेवटी स्पॉक, तोच तो थंड डोक्याचा स्पॉक, वरून किरण सोडून सगळी झाडं बेचिराख करायला लावतो. मालिकेत दुसऱ्यांच्या जगात ढवळाढवळ करायची नाही हा पहिला नियम, आणि इथे अख्ख्या ग्रहाची होळी. ब्रिटनमध्ये वेगळं कॉमिक निघायचं, तेही १९६९ मध्ये मालिका तिथल्या टीव्हीवर यायच्या आधीच सुरू झालेलं, त्यात सुरुवातीला कॅप्टनचं नावच कर्कऐवजी कर्ट छापलेलं. फॅन लोक हे एकमेकांना सांगून पोट धरून हसतात. हसा. मीही हसतो. पण हसून झालं की लगेच ते ‘धरत नाहीत’ सुरू होतं त्याचा मला राग येतो. टीव्हीवर आणि सिनेमात झालं ते खरं, कॉमिक-कादंबऱ्यांत झालं ते इकडे नाही, तिकडे. माहितीकोशसुद्धा दोन वेगळे केलेत, खऱ्याचा एक आणि उरलेल्याचा एक. सोवळं-ओवळं नुसतं.

तशी ही खोड जुनीच म्हणा. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली समजा. तिथे ते शोभतं, अमृतच होतं ते. पण पुठ्ठ्याचे खडक आणि रबराचे राक्षस लावून केलेल्या मालिकेत अमृत कुठलं आणि नरोटी कुठली हे कोणी ठरवायचं? (मालिका मला प्रचंड आवडते, हे आपलं भांडणाच्या भरात.)

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. मालिका १९६९ मध्ये बंद पाडली. ७९ भाग, खेळ खलास. कॉमिक मात्र चालू राहिलं, १९७९ पर्यंत, एकूण ६१ अंक. मधे थोडे दिवस कार्टून आलं, थोड्या कादंबऱ्या आल्या, पण दुकानात जाऊन नाणं टाकून कर्क-स्पॉकची नवी गोष्ट घरी आणायची तर हेच, तो चुकीचा स्पॉक आणि चुकीचा जाळ. त्या दहा वर्षांत मोठ्या झालेल्या पोरांनी काय धरायचं?

दादाकडे आता ते जुने अंक पुन्हा छापलेत त्याची जाडजूड पुस्तकं आहेत, बाइंडिंग वगैरे, रंग एकदम रेषेच्या आत. मागे फोनवर म्हणाला, पुढच्या पुढच्या अंकांत चित्रं बरोबर होत गेलीत बघ, मालिकेसारखी. मी म्हटलं तिथूनच घसरलं. तो म्हणाला तुला ना, आणि तेवढ्यात त्याला ऑफिसचा दुसरा कॉल आला.