कमी चाललेली जुनी मर्सिडीज घेताना

डब्ल्यू-१२४ मॉडेलची मर्सिडीज आणि मीटरवर जेमतेम ४० हजार किलोमीटर, एवढ्यावर इसार देऊ नका. आधी ब्रेक पेडलचं रबर बघा. ते झिजून गुळगुळीत झालं असेल तर मीटरवर विश्वास नको. १९९५ पासून पुण्यात तयार झालेली ही गाडी दणकट आहेच, पण वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खर्च काढते.

नागपूरच्या ४५ अंशांत आधी रबर जातं. टायरच्या कडेचे चार अंक वाचा: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने टायर बदलायचेच. १९९३ ते १९९५ च्या पेट्रोल इंजिनांत वायरिंगचं आवरण उष्णतेनं ठिसूळ होतं. इंजिनाजवळची एक वायर हलकेच वाकवून बघा. तडकली तर अख्ख्या हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, खर्च किमतीतून कापून घ्या.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, इथेनॉल ओलावा धरतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. आठवड्यातून एकदा वर्धा रोडवर वीसेक किलोमीटर फिरवा. इंजिन पुरतं तापल्याशिवाय ऑइलमधलं पाणी उडत नाही. १५ वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती आणि हरित कर, दोन्ही सौद्याआधीच तपासा.