डोंगरावरच्या गावातले मिशनरीचे काम

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने शाळेच्या आठवणी लिहाव्यात अशी रीत आहे. त्या आठवणी माझे वर्गमित्र माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी ज्या कामात पडलो त्याची माहिती देणे मला जास्त गरजेचे वाटते, कारण आज बाकांवर बसलेल्यांपैकी कुणाला तरी ते काम करावेसे वाटेल. रस्ता संपल्यावर आणखी दिवसभर चालून जावे लागते अशा डोंगराळ गावात ख्रिस्ती मिशनरी म्हणून राहणे, हे ते काम. प्रार्थना, शास्त्रपाठ आणि उपदेश हा त्याचा प्राण आहे. तरी दिवसाचे तास मोजले तर बहुतेक वेळ पाणी, सरपण, औषधे आणि भाषा यांतच जातो, आणि तो वाया गेला असे कुणी समजू नये.

पहाटेची प्रार्थना आटोपली की पहिले काम पाण्याचे. पाणी १०० अंशांना उकळते असे विज्ञानाच्या तासाला आपण पाठ केले, पण ते समुद्रसपाटीवर. दर ३०० मीटर चढाला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे ३,००० मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळायला लागते. सखल भागात खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे द्यावीत. कडधान्य तर उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही आणि सरपणाचा भारा संपतो. म्हणून सामानात प्रेशर कुकर हवा आणि त्याच्याबरोबर दोन जादा रबरी रिंगा व एक सेफ्टी व्हॉल्व्हही. थंडीने आणि वापराने रिंग कडक होते, मग वाफ कडेने निसटते आणि चांगला कुकर नुसता पडून राहतो.

गावासाठी नळ आणायचा असेल तर पंपाच्या नादी लागू नये. वरच्या अंगाला झरा असला की उतारच पाणी खाली आणतो. झरा मोजायचा तो कोरड्या ऋतूच्या अखेरीस. पावसानंतरचा आकडा फसवा असतो. २० लिटरची बादली भरायला १०० सेकंद लागले तर सेकंदाला ०.२ लिटर, म्हणजे दिवसाला १७,२८० लिटर पाणी झाले. माणशी ४० लिटर धरले तर सव्वाचारशे माणसांची सोय होते, मात्र रात्री वाहून जाणारे पाणी साठवायला टाकी हवी. दर दहा मीटर उताराला पाईपात सुमारे एक बार (बार हे दाबाचे माप) दाब चढतो. सहा बारचा पाईप साठ मीटर उतारापर्यंत टिकेल; त्याहून जास्त उतार असेल तर मध्ये उघडी टाकी बांधून दाब मोडावा लागतो. तिला ब्रेक प्रेशर टाकी म्हणतात. यात नेहमीची चूक अशी की नळ चालू ठेवून चाचणी घेतात आणि सगळे ठीक वाटते. रात्री सारे नळ बंद झाले की पाणी थांबते, पूर्ण दाब पाईपावर येतो आणि सकाळी खालच्या टोकाचा जोड फुटलेला दिसतो. चाचणी नळ बंद करूनच घ्यावी. पाईपाची वाट जिथे उंचवट्यावरून जाते तिथे हवा कोंडते आणि पाणी अडते, म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह बसवतात. खोलगट जागी गाळ बसतो, तिथे तो सोडायला वॉशआऊट ठेवतात. पाईप हातभर तरी खोल गाडावा, थंडीत जमीन गोठत असेल तर त्याहूनही खोल. ऊन, गोठणारे पाणी आणि गुरांचे खूर हे उघड्या पाईपाचे वैरी आहेत.

टाकीत ब्लीचिंग पावडर घालताना चांगल्या प्रतीची असेल तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण धरतात. ती आधी थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओततात आणि तासभर थांबतात. पावडर ओलसर किंवा उजेडात राहिली तर तिचा जोर जातो, आणि डब्याकडे पाहून ते कळत नाही. क्लोरीन तपासण्याचे साधे किट जवळ असावे.

नळाची देखभाल गावानेच निवडलेल्या दोघांकडे द्यावी. नट आवळायचे पाने आणि जादा वॉशर त्यांच्याच घरी राहावेत. एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या मिशन संस्थांच्या चिटणिसांनी मंडळीबद्दल, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजाबद्दल, एक सूत्र मांडले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रसार आपण करावा. हे अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानातल्या मिशनांची पाहणी करायला आले होते. हे सूत्र नळाला, दवाखान्याला आणि शाळेलाही तसेच लागू पडते, असे माझे ठाम मत आहे. मिशनरीच्या खिशातून चालणारी कुठलीही सोय तो गेल्यावर वर्षभर टिकली तरी खूप.

दवाखाना म्हणजे बहुधा एक खोली आणि एक कपाट. डॉक्टर नसलेल्या माणसाने आपली हद्द ओळखावी. नेमके काय करायचे आणि कधी खाली पाठवायचे हे लिहून भिंतीवर लावावे. जुलाबाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर बाळाला अपाय होतो, म्हणून चमचा चहाचा आणि दर वेळी तोच हवा. खोकणाऱ्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० असे आकडे आले तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा. फार उंचावर निरोगी मूलही थोडे भरभर श्वास घेते, हे ध्यानात ठेवावे. छाती आत ओढली जात असेल तर मात्र न थांबता खाली पाठवावे. लसी दोन ते आठ अंशांत ठेवतात आणि सगळे उष्णतेला घाबरतात, पण थंड प्रदेशात खरा धोका गोठण्याचा असतो. फ्रीजरमधून काढलेला बर्फ थेट लसीला चिकटला तर धनुर्वाताची लस निकामी होते. आइसपॅक आधी बाहेर ठेवावा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच पेटीत ठेवावा.

थंडीपायी बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. धुराड्याची चूल बसवणे हे मी औषधाइतकेच महत्त्वाचे मानतो.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. डोंगरात हाच मार्ग धरावा, कारण बाळंतपणाच्या रात्री मिशनरी दोन डोंगर पलीकडे असण्याचीच शक्यता जास्त. आणखी एक गोष्ट मला निक्षून सांगायची आहे. औषध देताना उपदेश करू नये. आजारी माणसाला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसते, आणि अशा वेळी मिळवलेला होकार खरा नसतो.

भाषेसाठी रोज ठरलेले दोन तास तरी हवेत. पहिल्या महिन्यांत वही घेऊन मागे लागण्यापेक्षा एकाच गोष्टीवर काम करावे. समजा, चूल पेटवण्याची कृती. ती कुणीतरी करत करत सांगायची, रेकॉर्डरवर घ्यायची, पुन्हा पुन्हा ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी आपण सांगून दुरुस्त करून घ्यायची. भाषांतराला बहुधा मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करतात, कारण ते सर्वांत छोटे आहे आणि त्यात घटना भरभर पुढे जातात. कच्चा खर्डा झाला की ज्याने तो आधी वाचलेला नाही अशा माणसाला वाचून दाखवायचा आणि ‘काय झाले ते सांगा’ म्हणायचे. ‘समजले का?’ विचारले तर भिडेपोटी सगळे हो म्हणतात. मग तिसऱ्याने त्याचे उलट भाषांतर करायचे आणि ते जाणकाराने तपासायचे. यात गावातल्या सहकाऱ्याचे नाव मागे राहू नये. मिशनरी विल्यम केरी यांच्या १८१० च्या मराठी कोशामागे पंडित वैजनाथ होते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. गीतांचेही तसेच. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांच्या वळणाने गायली; जिथे जाल तिथल्या चालींवर तिथल्याच माणसाने गीत रचावे.

रविवारच्या उपासनेबद्दल थोडेच सांगतो. पाठ आणि प्रार्थना गावातल्या वडीलधाऱ्यांनी कराव्यात, दानार्पण दोघांनी मिळून मोजून वहीत दोघांनी सही करावी, बाप्तिस्मा व लग्नाच्या नोंदी त्याच दिवशी कराव्यात.

सौर बॅटरीची काळजी हिवाळ्यात घ्यावी लागते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. रिकामी झालेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटते. म्हणून ती अर्ध्याखाली उतरू देऊ नये. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये. वायरलेसला डोंगर आड येतात; व्हीएचएफ, म्हणजे आखूड लहरींचा हातसंच, समोरासमोरच चालतो. तिथे एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा संच आणि अँटेना म्हणून आडवी ताणलेली तार लागते. सात मेगाहर्ट्झला सुमारे वीस मीटर तार पुरते, आणि परवाना आधी काढावा. विमानाची धावपट्टी असलीच तर विमान सकाळीच येते. दुपारी ढग दाटतात आणि वारा उठतो. चढावर उतरावे लागणाऱ्या पट्टीवर वैमानिकाला ऐनवेळी परत वर जाण्याची संधी नसते, म्हणून सामानाचे वजन अंदाजाने सांगू नये, तोलून सांगावे.

ज्या विद्यार्थ्याला या कामाला जायचे आहे त्याने पवित्र शास्त्राच्या अभ्यासाबरोबर प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम करावा, दोन-तीन महिने नळकाम करणाऱ्याच्या हाताखाली राबावे आणि वायरिंग शिकावे. दात तपासून जावे. दातदुखीने माणूस खाली उतरतो. ३,००० मीटरच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. डोके दुखून तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरावे. ओझे हलके ठेवावे आणि काठ्या दोन असाव्यात, कारण गुडघे चढापेक्षा उतारावर दुखावतात.