बोअरमध्ये स्फटिक का सोडत नाहीत?

कोयना खोऱ्यात गोठणे गावी भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल बोअर घेतलंय. त्यात आत स्फटिक उतरवून डार्क मॅटरचे, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचे, कण पकडता येणार नाहीत का, असं कराड-पाटणकडे हमखास विचारतात.

नाही येणार. बोअर काही इंच रुंद, आणि तळाचा खडक तापलेला. स्फटिक अतिथंड ठेवायला लागणारं, हेलियम-3 आणि हेलियम-4च्या मिश्रणावर चालणारं शीतयंत्रच माणसापेक्षा उंच असतं; त्याभोवती तांबं, शिसं आणि न्यूट्रॉन अडवायला पॉलिथिन. त्यासाठी दालन लागतं. इटलीत ग्रान सासोच्या भूमिगत प्रयोगशाळेसाठी ते महामार्गाच्या बोगद्याला लागून खोदलंय, वर 1400 मीटर खडक. इथे जमिनीवर तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांतून येणारा कण, जातो; तिथे त्यांची संख्या दहा लाख पटींनी घटते.

पण खोल जाण्याचं काम तेवढंच. खरी कसोटी स्फटिकाची. तिथल्या क्रेस्ट या डार्क मॅटर शोधणाऱ्या प्रयोगात कॅल्शियम टंगस्टेटचा स्फटिक 15 मिलिकेल्विनच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, ठेवतात. इतक्या थंडीत त्याची उष्णताधारकता नगण्य होते, म्हणून एका अणुकेंद्राला बसलेल्या धक्क्यानेही तापमान मोजण्याइतकं चढतं. वर संवेदक म्हणून टंगस्टनचा पातळ थर असतो, अतिवाहक (विजेला रोध नसलेल्या) अवस्थेच्या अगदी उंबरठ्यावर. तापमान किंचित वाढलं की त्याचा रोध झपकन वाढतो. स्फटिकातून प्रकाशही निघतो: गॅमा किंवा इलेक्ट्रॉन असेल तर भरपूर, अणुकेंद्राला धक्का असेल तर अगदी थोडा. खरा पाहुणा ओळखायचा तो यावरून.

कोयनेकाठच्या माणसाला सांगावीच अशी गोष्ट पुढे आहे. क्रेस्टच्या सुरुवातीच्या नीलमणी स्फटिकांत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त स्पंद, म्हणजे धक्क्यांच्या नोंदी, दिसू लागले. स्फटिक नीलमण्याच्याच बारीक गोळ्यांमध्ये घट्ट आवळले होते; टेकलेल्या जागी दाब वाढून सूक्ष्म तडे जात होते, आणि प्रत्येक तडा कणासारखा नोंदला जात होता. गोळ्यांऐवजी प्लॅस्टिकचे खुंट लावताच संख्या एकदम उतरली. त्या तड्यांचा हिशेब मांडला तर तो भूकंपांसारखाच निघाला: छोटे धक्के पुष्कळ, मोठे क्वचित!

आजही सुमारे 200 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या अत्यल्प ऊर्जेच्या खाली असे आगंतुक स्पंद येतात. थंड केल्यावर आठवड्यागणिक कमी होतात, स्फटिक मधेच थोडा गरम करून पुन्हा थंड केला की परत उसळतात. डार्क मॅटर असं वागणार नाही. संशय साठलेल्या ताणावर आहे; तो कुठे साठलाय, हे शोधायला आता एकाच स्फटिकावर दोन संवेदक बसवतात. दोन्हींत सारखा स्पंद आला तर उगम स्फटिकात. एकाच संवेदकात आला तर दोष त्या थराचा, आणि ती नोंद गाळायची.