तलावाकाठचं थंड हवेचं ठिकाण: दिवस वाऱ्यावरून आखा

अशा गावात होडी शक्यतो सकाळी आणि बाजारातला फेरफटका दुपारी ठेवा. उलट केलंत की अर्धा दिवस काठावर वारा पडायची वाट बघण्यात जातो.

शाळेत शिकलेले दरीय आणि पर्वतीय वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, तिथली हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून, तलावावरून वारा सुटतो. रात्री थंड हवा उतारावरून खाली घसरते. इटलीतल्या गार्डा सरोवरावर या वाऱ्यांना नावंही आहेत: पहाटेपासून उत्तरेकडचा पेलेर, दुपारी दक्षिणेकडचा ओरा. म्हणजे सकाळचं पाणी सगळीकडे शांत असेलच असं नाही; नावाड्याला विचारूनच वेळ ठरवा.

वल्ह्यांची होडी असेल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे हात दमल्यावर परतताना वारा ढकलेल. बरेच जण नेमके याच्या उलट करतात आणि पलीकडच्या काठाला अडकतात. लांबवर पाण्याचा एक पट्टा काळसर, चुरगळल्यासारखा दिसला आणि तो जवळ सरकत असला, तर तो वाराच आहे. मग जिथून निघालात तोच धक्का गाठायचा हट्ट नको, जवळचा काठ धरा. गडगडाट ऐकू आला तरी तेच. उभं राहून जागा बदलू नका.

लाइफ जॅकेटचे बंद आवळलेलेच हवेत, पोहता येत असलं तरीही. वरचं पाणी उन्हाने कोमट वाटतं, पण थोडं खालीच ते एकदम गार असतं. १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर घात होतो. पहिलं मिनिटभर पोहायचं नाही. तरंगत श्वास ताब्यात आणायचा.

सकाळी तलावावर धुकं साचलं असेल तर क्रम फिरवा, आधी रोपवेने वर जा. थंड हवा खोलगटात बसलेली असते, त्यामुळे माथ्यावर बऱ्याचदा लख्ख ऊन मिळतं. मात्र दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, म्हणून स्वेटर बरोबर हवाच. शेवटची खाली येणारी फेरी किती वाजता, हे तिकीट काढतानाच विचारा. वारा वाढला तर ती आधीच बंद होते.

खोली घेताना पश्चिमेला उंच डोंगर आहे का पाहा. असेल तर खिडकीतलं ऊन सूर्यास्ताच्या बरंच आधी जातं.